बऱ्हाणपूरचा शहजादा आणि जिभेखालची कॅप्सूल

१६२६ साली बऱ्हाणपुरात जहांगीर बादशहाचा मुलगा परवेझ बेशुद्ध पडला. दारूने पोखरलेला, अजून चाळिशीही न गाठलेला. हकिमांनी त्याच्या डोक्याला आणि कपाळाला डाग दिले. ऑक्टोबरअखेर तो गेला.

त्याला मेंदूचाच झटका आला होता, असं म्हणायला आधार नाही. पण माणूस कोसळला की भोवतालच्यांना काहीतरी केल्याशिवाय राहवत नाही, ही रीत मात्र जुनी. लकव्यावर हकीम शीर उघडून रक्त काढत, युरोपातले डॉक्टरही एकोणिसाव्या शतकापर्यंत तेच करत. तोवर रक्तदाबाचा अंदाज नाडीवरच्या बोटांनी घ्यायचा. दंडाला बांधायचा पट्टा रिवा-रोची या इटालियन डॉक्टरने १८९६ मध्ये आणला.

दाब मोजता आला, मग तो उतरवायची औषधं आली. मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये सर्पगंधेवरचा अभ्यास ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये छापला. आपल्या रानातल्या मुळीची ही केवढी मोठी देणगी! मात्र रोजच्या गोळीने झटका टाळणं वेगळं आणि झटका आल्यावर दाब झटकन पाडणं वेगळं. गुठळीने रक्तवाहिनी तुंबली असताना वाढलेल्या दाबावरच आसपासच्या पेशी तग धरतात.

तरीही दाब झटकन उतरवणाऱ्या निफेडिपिनची कॅप्सूल टोचून जिभेखाली पिळायची पद्धत दवाखान्यांतून रुळली. १९९६ मध्ये अमेरिकी तज्ज्ञांनी ती थांबवा म्हणून सांगितलं. २०२४ मध्ये चीनमधल्या २,४०४ रुग्णांच्या अभ्यासात ॲम्ब्युलन्समध्येच दाब उतरवून पाहिला: मेंदूत रक्तस्राव झालेल्यांना फायदा झाला, गुठळीवाल्यांचं नुकसान. यातलं काय झालंय, हे सीटी स्कॅनशिवाय कळत नाही.

मोठं इस्पितळ गाठायचं तर बऱ्हाणपूरहून इंदूर १८० किलोमीटरच्या आसपास, आणि गुठळी विरघळवणाऱ्या इंजेक्शनची मुदत साडेचार तास. मध्य प्रदेशात १०८ ची ॲम्ब्युलन्स २००९ पासून धावते. ती येईपर्यंत जपायचा तो श्वास. शुद्ध हरपली की जीभ सैल पडून घशात मागे जाते, घरघर सुरू होते. उताणं ठेवलं तर उलटी छातीत उतरते. म्हणून रुग्णाला कुशीवर वळवावं, हनुवटी किंचित वर करावी, सैल कवळी काढावी, तोंडातली लाळ कापडाने पुसावी. पाणी, चहा, गोळी, काही म्हणजे काही तोंडात घालू नये. गिळण्याची ताकदच गेलेली असते. आणि माणूस शेवटचं धड बोलताना कधी पाहिला, ती वेळ कागदावर लिहून सोबत न्यावी. साडेचार तास तिथूनच मोजतात.