आधी माकडं मरतात

१९५७ साली तेव्हाच्या म्हैसूर राज्यातल्या शिमोगा जिल्ह्यात, क्यासनूरच्या जंगलात वानरं आणि माकडं मरून पडू लागली. आसपासच्या गावांत माणसं तापानं फणफणली होती. गावकऱ्यांच्या कानडीत या दुखण्याला नाव पडलं 'मंगन कायिले', म्हणजे माकडांचा आजार. निदान अजून व्हायचं होतं, पण खूण नावातच होती.

पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रातून (आजची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था) टेलफर्ड वर्क, हॅरोल्ड ट्रॅपिडो आणि सहकाऱ्यांनी तपास सुरू केला. पहिला संशय पीतज्वराचा. दक्षिण अमेरिकेत माकडं मरू लागली की पीतज्वराची चाहूल लागते, हे माहीत होतं. आणि भारतात तो आजवर आलेला नव्हता. विषाणू हाती लागला तो मात्र भलताच निघाला: रशियातल्या गोचिडींमुळे होणाऱ्या मेंदूज्वराच्या कुळातला. तो पसरवत होती गोचीड, डास नव्हे. माकड मेलं की अंगावरच्या गोचिडी खाली गळतात आणि ती जागा धोक्याची होते.

पुढची पाचएक दशकं हा ताप कर्नाटकचाच मानला गेला. मग २०१२पासून बंदीपूर, वायनाड, २०१५ला गोव्यातली सत्तरी आणि २०१६ला सिंधुदुर्गातलं दोडामार्ग. नकाशावर पाहिलं तर रोग सह्याद्रीभर पसरत चाललेला दिसतो. पण आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना एक सवय असते: आलेख अचानक चढला, की आधी विचारायचं, घटना वाढल्या की मोजणी सुरू झाली? कच्छ-सौराष्ट्रातल्या माणसांच्या रक्तात या विषाणूशी जुळणारी प्रतिपिंडं जुन्या पाहण्यांतच सापडली होती. म्हणजे रोगाचा नकाशा हा काही अंशी आपण कुठे शोधलं त्याचाही नकाशा असतो. रोग पसरला हेही खरं असेल, पण पूर्वी किती ताप नुसतेच 'ताप' म्हणून गेले, हे कुठल्याच नोंदवहीत नाही.

याची किंमत कोण मोजतं? गोचिडींच्या पिल्लांचा सुकाळ हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत, आणि काजूचा हंगामही तेव्हाच. बागेत बोंडं वेचणाऱ्या बाईला अचानक थंडी-ताप भरतो, डोकं आणि अंग ठणकतं. दवाखान्यात मलेरिया, डेंग्यू, लेप्टो तपासले जातात. विषाणू थेट सापडतो तो पहिल्या काही दिवसांत. नंतर प्रतिपिंडांवर विसंबावं लागतं. नेमकं औषध नाही, आणि शंभरातले तीन ते पाच रुग्ण दगावतात. वेळेवर ओळखलं तर निदान रक्तस्राव आणि शरीरातलं पाणी यांवर लक्ष ठेवता येतं.

म्हणून बागेत मेलेलं माकड दिसलं तर हात न लावता वनखात्याला किंवा आरोग्य केंद्राला कळवायचं, आणि ताप आला तर डॉक्टरला ते माकडही सांगायचं.