फोर्स्कोलिन ते लिव्होनॅडिफ्लॉक्सासिन : डॉ. नोएल डिसूझा यांचे औषधी रसायनशास्त्रातील संशोधन आणि शोधनिबंधांचा प्रभाव

प्रस्तावना :
छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) येथून पैठणकडे जाताना चितेगावचा, तर जालन्याकडे जाताना चिकलठाण्याचा औद्योगिक परिसर लागतो. या परिसरांची ओळख प्रामुख्याने उत्पादनासाठी आहे. तथापि चिकलठाणा येथील वोक्हार्ट संशोधन केंद्रात एका नव्या प्रतिजैविकाचे मूलभूत कार्य झाले, ही बाब या जिल्ह्याच्या विज्ञानेतिहासात नोंदविण्याजोगी आहे. त्या कार्यातील एक प्रमुख रसायनशास्त्रज्ञ डॉ. नोएल डिसूझा यांच्या संशोधनाच्या आधारे शोधनिबंधाचा प्रभाव कसा मोजावा, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

मुलुंड येथील कार्य :
डॉ. डिसूझा हे प्रथम मुंबईतील मुलुंड येथील हेक्स्ट कंपनीच्या संशोधन केंद्रात कार्यरत होते. ज्या मैनमुळाचे आपल्याकडे लोणचे घालतात, त्याच्या मुळांतून फोर्स्कोलिन हे द्रव्य वेगळे करून डॉ. सुजाता भट, डॉ. डिसूझा व सहकाऱ्यांनी 1977 मध्ये त्याची रचना प्रसिद्ध केली. त्याच सुमारास लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने याच वनस्पतीतून 'कोलिओनॉल' मिळविले. पुढे ही दोन्ही द्रव्ये एकच असल्याचे स्पष्ट झाले.

रक्तदाब कमी करणारे द्रव्य म्हणून सुरू झालेल्या या अभ्यासाला 1981 मध्ये वेगळे वळण लागले. फोर्स्कोलिन पेशीतील अ‍ॅडिनिलेट सायक्लेज हे विकर थेट कार्यान्वित करते, असे अमेरिकेतील सीमन, पॅजेट व डॅली यांनी दाखविले. तेव्हापासून पेशीतील संदेशवहनाचा अभ्यास करणाऱ्या जगभरच्या प्रयोगशाळांचे ते एक नित्याचे साधन बनले. परंतु साधन जितके परिचित होते, तितका त्याच्या मूळ शोधाचा उल्लेख विरळ होत जातो. प्रयोगात फोर्स्कोलिन वापरणारा अभ्यासक 1977 च्या निबंधाचा संदर्भ देतोच असे नाही.

चिकलठाणा येथील कार्य :
पुढे डॉ. डिसूझा वोक्हार्टमध्ये आले. नॅडिफ्लॉक्सासिन हे त्वचेवर लावण्याचे जपानी औषध आहे. त्याच्या रेणूची परस्परांच्या आरशातील प्रतिमांसारखी दोन रूपे असतात. त्यांपैकी अधिक प्रभावी रूप निवडून, ते शिरेवाटे देता यावे यासाठी त्याचा आर्जिनिन क्षार तयार करण्यात आला. व्हँकोमायसिनलाही न जुमानणाऱ्या स्टॅफिलोकोकस जिवाणूंवर तो परिणामकारक ठरतो, हे दाखविणारा निबंध 2005 मध्ये 'जर्नल ऑफ मेडिसिनल केमिस्ट्री'मध्ये प्रसिद्ध झाला. डॉ. डिसूझा त्याचे प्रथम लेखक होते. चिकलठाण्यातील सहकाऱ्यांसोबत अमेरिकेतील सूक्ष्मजीवशास्त्रज्ञही त्यात सहलेखक होते. लिव्होनॅडिफ्लॉक्सासिन या नावाने हे औषध व त्याचे तोंडावाटे घ्यावयाचे रूप यांना भारतीय औषध नियंत्रकांची मान्यता जानेवारी 2020 मध्ये मिळाली. मधुमेही रुग्णांच्या पायाच्या जंतुसंसर्गाचाही त्याच्या उपयोगात समावेश आहे.

विवेचन :
हर्श यांनी एच-निर्देशांक मांडला तो 2005 मध्येच. पुढे 2010 मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने प्राध्यापकांच्या मूल्यमापनासाठी गुणांकन पद्धती आणली आणि निबंधांची संख्या पदोन्नतीशी जोडली गेली. या मोजपट्ट्या सर्वस्वी निरुपयोगी आहेत असे नाही. वशिल्यापेक्षा आकडा केव्हाही बरा. मात्र चिकलठाण्याच्या निबंधापासून औषधाच्या मान्यतेपर्यंत 15 वर्षे लागली, आणि पदोन्नतीचा अर्ज इतका काळ थांबत नाही. शिवाय 2005 चा निबंध 16 जणांचा आहे. त्यातील प्रत्येकाचा वाटा कोणताही निर्देशांक सांगू शकत नाही.

निष्कर्ष :
संदर्भांची संख्या निबंध किती वाचला गेला याचे अनुमान देते. त्याचा उपयोग किती झाला हे कळण्यास काळ जावा लागतो. म्हणून महाविद्यालयीन संशोधनाचे मूल्यमापन करताना निबंधांची गणती करण्यासोबतच त्यांतील कार्याचा पुढे कोणी व कशासाठी उपयोग केला, याचीही नोंद ठेवली जावी. मैनमुळाच्या मुळापासून रुग्णाच्या पायावरील जखमेपर्यंतचा हा प्रवास तेच सुचवितो.