दोन टक्क्यांचा हिशेब आणि संचालक मंडळ

कारखानदाराने शाळा बांधली, दवाखाना काढला, की लोक त्याची दानत वाखाणत. हिशेब मागण्याचा प्रश्नच नसे. मुंबईत मुख्यालय असलेल्या टिस्कोने, म्हणजे आजच्या टाटा स्टीलने, १९७० साली एक निराळी वाट धरली. कामगार, ग्राहक आणि स्थानिक समाज यांच्याविषयीची बांधिलकी तिने कंपनीच्या नियमावलीतच नोंदवली. ती कितपत पाळली गेली हे तपासण्यासाठी पुढे मुंबई उच्च न्यायालयाचे माजी मुख्य न्यायमूर्ती एस. पी. कोतवाल यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. हे सामाजिक लेखापरीक्षण होते. अर्थात तपासनीस कंपनीनेच निवडले होते, ही उणीव नजरेआड करता येत नाही.

२०१३ च्या कंपनी कायद्यातील कलम १३५ ने ऐच्छिक गोष्ट सक्तीची केली. ठरावीक आकाराच्या कंपन्यांनी मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम समाजकार्यावर खर्च करावी, असे ते सांगते. चर्चा या टक्क्यांचीच फार होते. खरा बदल कारभारातला आहे: मालकाच्या मर्जीचा विषय संचालक मंडळाच्या इतिवृत्तात आला आणि रक्कम खर्च झाली नाही तर मंडळाच्या अहवालात कारण देणे भाग पडले.

स्थानिक परिसराला प्राधान्य द्यावे, असेही कायदा म्हणतो. पण त्या परिसराची सीमा आखत नाही. पैठण तालुक्यातील पाचोड हे वाळूज वा चिकलठाण्याच्या कारखान्यांसाठी ‘स्थानिक’ आहे की नाही, हे त्या त्या संचालक मंडळाने ठरवायचे. त्या बैठकीत पाचोडकराला कायद्याने जागा दिलेली नाही.