कोणते बायबल वाचावे? : मराठी भाषांतरांच्या इतिहासातून

मराठीतून बायबल वाचावे असे मनात येणारा वाचक पहिल्याच पायरीवर अडतो. दुकानात किंवा ग्रंथालयात गेल्यावर त्याच्यापुढे एक नव्हे तर चार-पाच बायबले येतात. एकाच्या पुठ्ठ्यावर ‘पवित्र शास्त्र’ असते, दुसऱ्यावर ‘सुबोध बायबल’, तिसऱ्यावर ‘सोपे भाषांतर’. जुन्या ग्रंथालयात एखादी पंडिता रमाबाईंची प्रतही सापडते. यांतले खरे कोणते, असा प्रश्न मला अनेकांनी विचारला आहे. मी या ग्रंथांकडे वळलो तो मराठी गद्याचा माग काढताना. त्या वाचनातून माझे एक मत बनले. या भाषांतरांत चूक-बरोबरचे फरक आहेतच, पण त्याहून मोठा फरक आहे तो डोळ्यांपुढे धरलेल्या वाचकाचा. प्रत्येक भाषांतरकाराने आपला एक मराठी माणूस कल्पिला आणि त्याच्याशी तो बोलला. हा माणूस कोण, हे कळले की निवड सोपी होते.

या कथेचा आरंभ फादर स्टीफन्स यांच्या ‘क्रिस्तपुराणा’पासून करण्याची आपल्याकडे रीत आहे. ते बायबलचे भाषांतर नव्हे. बायबलातील कथांवर रचलेले सुमारे अकरा हजार ओव्यांचे पुराण आहे. 1579 मध्ये गोव्यात आलेल्या या इंग्रज जेझुइटाचा ग्रंथ 1616 मध्ये रोमी लिपीत छापला गेला. तरी तो इथे टाळता येत नाही, कारण पुढे तीनशे वर्षे चाललेला झगडा त्यात आधीच दिसतो. स्टीफन्सपुढचा वाचक म्हणजे साष्टीतला नवख्रिस्ती, ज्याच्या कानांत पुराणांची ओवी मुरलेली होती पण ज्याच्या हातून पुराणे गेली होती. त्याच्यासाठी स्टीफन्स स्वर्गाला बिनदिक्कत ‘वैकुंठ’ म्हणतो. आपल्या देवाचे घर सांगताना दुसऱ्याच्या देवाच्या घराचे नाव वापरायला तो कचरला नाही. ही वाट मात्र पुढे रुंदावली नाही. 1684 मध्ये गोव्याच्या पोर्तुगीज सरकारने स्थानिक भाषांविरुद्ध फर्मान काढले, आणि बायबल लोकभाषेत आणण्याची कॅथलिक चर्चलाही त्या काळी घाई नव्हती.

छापील भाषांतर आले ते थेट बंगालमधून. विल्यम कॅरी सेरामपूरला राहून मराठी शिकला. त्याचे मत्तयाचे शुभवर्तमान 1805 मध्ये निघाले, नवा करार 1811 मध्ये, आणि पुढे जुना करारही टप्प्याटप्प्याने आला. कॅरीने मराठी मुलूख पाहिलेला नव्हता. त्याची सारी भिस्त वैजनाथ पंडितांवर होती. 1813 मध्ये मुंबईत उतरलेल्या अमेरिकन मिशनऱ्यांनी हे भाषांतर हाती घेतले, तेव्हा इकडच्या लोकांना ते नीट उमगत नाही असे त्यांचे मत झाले आणि त्यांनी नव्याने काम सुरू केले. गॉर्डन हॉल आणि त्याच्या सहकाऱ्यांचा नवा करार 1826 मध्ये पुरा झाला. त्याच वर्षी हॉल नाशिककडच्या दौऱ्यावर असताना पटकीने गेला. मुंबईचे संपूर्ण बायबल 1847 मध्ये आले. त्यानंतर त्याची अनेकदा डागडुजी झाली आणि त्यातूनच बायबल सोसायटीचे आजचे ‘पवित्र शास्त्र’ घडत गेले. आज बहुतेक प्रॉटेस्टंट घरांत असते ते हेच.

या ‘पवित्र शास्त्रा’ची शब्दकळा मला फार मोहक वाटते. त्यात मराठी राज्याचे दप्तर जणू अजून उघडे आहे. पिलात हा ‘सुभेदार’ आहे. मत्तय बसलेला असतो ‘जकातनाक्या’वर, आणि त्याच्या धंद्यातले लोक ‘जकातदार’. देव आणि माणूस यांच्यातला संबंध ‘करार’, म्हणजे दिवाणी व्यवहारातला अरबी शब्द. उद्धाराला ‘तारण’ हा शब्द रूढ झाला. कर्जासाठी सोने-नाणे ठेवणाऱ्या मराठी माणसाला त्यातून आणखी एक अर्थ ऐकू येतो, तोही विषयाला अगदीच परका नाही. पण काळ शब्दांना सोडत नाही. येशू आपला जीव पुष्कळांसाठी ‘खंडणी’ म्हणून देतो, असे मार्काच्या शुभवर्तमानात आहे. पेशवाईच्या आठवणी ताज्या असलेल्या वाचकाला ‘खंडणी’ म्हणजे सुटकेसाठी भरलेली रक्कम हे लगेच समजत असे. आजच्या मुंबईकराला त्या शब्दाने बिल्डरला आलेला फोन आठवतो. भाषांतर तेच राहिले, पण त्याच्या पायाखालची मराठी सरकली.

सर्वांत धारदार शब्द ‘शास्त्री’. शुभवर्तमानांत येशू ज्यांच्यावर कडाडतो त्या दोन गटांपैकी एक परूशी. ते नाव परके राहिल्याने कोणाला लागत नाही. दुसऱ्या गटासाठीच्या ग्रीक शब्दाचा साधा अर्थ लिहिणारा, लेखनिक. यहुदी समाजात ते धर्मशास्त्राचे जाणकार होते, म्हणून ‘शास्त्री’ हे भाषांतर चूक नाही. परंतु एकोणिसाव्या शतकातल्या पुण्यात शास्त्री ही रस्त्यावर भेटणारी, मानपान घेणारी, दक्षिणेला बसणारी माणसे होती. तिथे कोणी शास्त्र्यांच्या ढोंगावरचा तो अध्याय मोठ्याने वाचला तर ऐकणाऱ्याला जेरूसलेम आठवले असेल असे मला वाटत नाही. मूळ ग्रंथात नसलेला जातीचा डंख एका शब्दाने मराठीत आला. भाषांतरकारांनी तो जाणून आणला का, हे शब्दावरून ठरवता येणार नाही. पण तो आला, आणि अनेक वाचकांच्या दृष्टीने तीच त्या ग्रंथाची ताकद होती.

ब्रेडचे काय केले तेही पाहण्यासारखे आहे. मराठी बायबलने ‘भाकर’ घेतली, आणि माझ्या मते या साऱ्या इतिहासातला तो सर्वांत सुखाचा निर्णय. पाच हजारांना जेवू घातलेल्या गोष्टीतल्या पाच भाकरी जवाच्या होत्या असे योहान सांगतो. जव म्हणजे गरिबाचे धान्य, तेव्हा ज्वारी-बाजरीवर जगणाऱ्या घाटावरच्या आणि तांदळाच्या भाकरीवर जगणाऱ्या कोकणातल्या माणसाला ती गोष्ट आपल्या चुलीपाशी घडल्यासारखी वाटते. अडचण येते ती खमिराची. यहुद्यांच्या सणाला मराठीत ‘बेखमीर भाकरीचा सण’ म्हटले आहे. आमच्याकडे भाकरीत खमीर घालतो कोण? मराठी बाईच्या हातची प्रत्येक भाकर बेखमीरच. त्यामुळे त्या सणाचे वेगळेपण नुसत्या शब्दांतून कळत नाही, टीप लागते.

उलट एखाद्या ठिकाणी मराठीने फुकटात सुटका करून दिली. यशयाच्या सातव्या अध्यायात मुलाला जन्म देणाऱ्या स्त्रीसाठी जो हिब्रू शब्द आहे त्याचा अर्थ तरुण मुलगी; ग्रीक भाषांतराने तिथे अक्षत कुमारिका असा अर्थ होणारा शब्द घातला आणि मत्तयाने त्याचाच आधार घेतला. 1952 मध्ये अमेरिकेत निघालेल्या एका इंग्रजी आवृत्तीने यशयात ‘तरुणी’ असे छापले, तेव्हा काही पाद्र्यांनी ते पान जाळण्यापर्यंत मजल गेली. मराठीत ‘कुमारी’ आहे. लग्नपत्रिकेपासून शाळेच्या दाखल्यापर्यंत ‘कु.’ लिहिणाऱ्या भाषेत तो शब्द दोन्ही बाजू सांभाळतो.

आदरार्थाचा प्रश्न तर भाषांतरकाराला रोजच पडत असणार. ग्रीकमध्ये ‘तू’ आणि ‘आपण’ असा भेद नाही; मराठीत तो केल्याशिवाय तोंड उघडता येत नाही. ‘पवित्र शास्त्रा’त निवेदक येशूला ‘तो’ म्हणतो. ज्ञानेश्वरांना ‘ते’ आणि विठोबाला ‘तो’ म्हणणाऱ्या आपल्या कानाला हे खटकत नाही. देवाशी एकवचनात बोलण्याची आपली सवय जुनी आहे. पण विहिरीवरची शोमरोनी बाई या परक्या यहुदी पुरुषाशी बोलताना ‘महाराज’ म्हणते. एवढ्या एका शब्दाने ती कुठल्या पायरीवर उभी आहे हे दिसते, आणि ग्रीकपेक्षा मराठीत ते अधिक स्पष्ट दिसते.

एका शब्दावरून मिशनऱ्यांत फूटही पडली होती. बाप्तिस्मा हा ग्रीक शब्द तसाच ठेवावा, की ‘बुडवणे’ असे त्याचे भाषांतर करावे? बॅप्टिस्टांच्या मते पाण्यात पूर्ण बुडवणे हाच खरा विधी, म्हणून त्यांनी बंगालीत तसे भाषांतर केले. लंडनच्या बायबल सोसायटीने त्या आवृत्तीला पैसा नाकारला, आणि 1840 मध्ये बॅप्टिस्टांनी भाषांतरासाठी आपली वेगळी संस्था काढली. मराठीत ‘बाप्तिस्मा’ हा शब्द तसाच राहिला. सर्व पंथांना चालणारा शब्द बहुधा कोणालाही न कळणारा असतो.

विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी मिशनरी मराठीची यथेच्छ टर उडवली. परकी वाक्यरचना, ओढूनताणून आणलेले शब्द हे त्यांचे आक्षेप पुष्कळ अंशी खरे होते. मात्र त्यांच्यापुढचा वाचक नव्या इंग्रजी शाळांतून बाहेर पडलेला होता. त्याच भाषांतरावर अगदी उलट दिशेने हल्ला झाला तो केडगावहून, आणि मला तो अधिक महत्त्वाचा वाटतो.

पंडिता रमाबाईंना 1878 मध्ये कलकत्त्याच्या पंडितांनी ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या होत्या. संस्कृत त्यांच्या जिभेवर होते. 1883 मध्ये त्यांनी इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला. पुढे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये दुष्काळातून वाचलेल्या शेकडो मुली-बायकांना त्यांनी आसरा दिला. या बायकांना बायबल वाचून दाखवताना त्यांना दोन गोष्टी खुपल्या. प्रचलित भाषांतर संस्कृतप्रचुर होते आणि या बायकांना कळत नव्हते. शिवाय त्यातले धार्मिक शब्द आपल्याबरोबर वेदान्ताचे आणि पुराणांचे अर्थ घेऊन येत. संस्कृत न जाणणाऱ्याला तो धोका दिसला नसता. रमाबाईंना दिसला, कारण त्या शब्दांचे कूळ त्यांना ठाऊक होते. स्टीफन्सने हौसेने जवळ केलेली गोष्ट रमाबाईंनी जाणीवपूर्वक दूर लोटली.

मग त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. दीड दशकाहून अधिक काळ, संस्थेचा सारा व्याप सांभाळून, त्यांनी संपूर्ण बायबल एकटीने मराठीत आणले. 1921 मध्ये मुलगी मनोरमा गेली. 1922 च्या एप्रिलमध्ये, काम हातावेगळे झाल्याबरोबर रमाबाईही गेल्या. ग्रंथ 1924 मध्ये मुक्तीच्याच छापखान्यातून बाहेर पडला. तो छापण्याचे काम तिथल्या बायकांनी केले. ज्यांच्यासाठी भाषांतर झाले त्यांनीच ते छापले, असे दुसरे उदाहरण मराठीत मला आठवत नाही. मुळाला घट्ट धरून राहण्याच्या आग्रहामुळे वाक्य अधूनमधून अडखळते हे खरे. समितीच्या भाषांतराला जो गुळगुळीतपणा येतो तो यात नाही. मंडळींनी ते उपासनेत फारसे स्वीकारले नाही, आणि साहित्याच्या इतिहासकारांनी रमाबाईंच्या चरित्रातली एक ओळ म्हणून त्याची बोळवण केली. हा मला आपल्या वाङ्मयेतिहासाचा मोठा आळस वाटतो.

कॅथलिकांकडे बायबल मराठीत वाचण्याला खरी गती आली ती 1962 ते 1965 च्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, जेव्हा उपासना लॅटिनमधून लोकभाषांत आली. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे ‘सुबोध बायबल’ त्या परंपरेतले. ‘सुवार्ता’ मासिक चालवलेल्या, पुढे धाराशिवच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झालेल्या या लेखकापुढचा वाचक म्हणजे तुमच्या-आमच्यासारखा मासिके वाचणारा, ख्रिस्ती असलाच पाहिजे असे नाही असा मराठी माणूस. म्हणून गद्य आजचे आहे, वाहते आहे.

तेव्हा माझी शिफारस अशी. पहिल्यांदाच वाचणाऱ्याने दिब्रिटोंपासून, आणि तेही लूकच्या शुभवर्तमानापासून सुरुवात करावी. स्तोत्रे, ईयोब आणि संदेष्टे यांच्यासाठी मात्र मी ‘पवित्र शास्त्रा’कडेच जाईन, तिथली जुनी, जडशीळ मराठी त्या काव्याला शोभते, आणि टिळकांच्या काळापासूनच्या मराठी ख्रिस्ती लेखनातले प्रतिध्वनी तिथेच ओळखू येतात. रमाबाईंची प्रत मिळाली तर एखादा ओळखीचा अध्याय दोन्हींत शेजारी ठेवून वाचावा. अगदी सोपी भाषांतरे नवसाक्षरासाठी चांगली, पण अनेकार्थी शब्दाचा एकच अर्थ निवडून ती वाचकाचे काम परस्पर करून टाकतात.

आणि विकत घेण्यापूर्वी अनुक्रमणिका उघडावी. प्रॉटेस्टंट बायबलात 66 पुस्तके असतात, कॅथलिक बायबलात 73. शत्रूच्या सेनापतीच्या तंबूत जाऊन त्याचे मुंडके कापून आणणाऱ्या यहूदीथची गोष्ट त्या वरच्या सातांत आहे. ती वाचायची असेल तर कॅथलिक आवृत्तीच घ्यावी लागेल.