बंब, थंडी आणि तांबट आळी

आमच्या मावळात, शिरगावात थंडीत घर कोण तापवतंय? तापायचं अंघोळीचं पाणी, तांब्याच्या बंबात. मधल्या नळीत विस्तव, भोवती पाणी. रशियातल्या समोवारची रचनाही अशीच.

एका डिसेंबरात आमच्या बंबाची नळी गळायला लागली. पाणी थेट विस्तवावर, नुसता धूर! आजीला दमा, गार पाणी चालायचं नाही. आजोबांनी बंब उचलला नि पुण्यात कसब्यातली तांबट आळी गाठली. कोकणातले तांबट पेशवाईत इथे स्थिरावले. त्यांनी नळीला डाख दिला आणि दुसऱ्या दिवशी बंब पेटला.

परवा गिझर बिघडला. मेकॅनिक म्हणाला, "नवीनच घ्या." बंब घडवणारे आणि सांधणारे हात एकाच आळीतले होते, म्हणून तो पिढ्यान्‌पिढ्या चालला. तुमच्या माळ्यावर असेल, तर मोडीत घालण्याआधी एकदा तांबटाला दाखवा!