१४. दिघीचे रेडिओ स्टेशन
लेखकाच्या वडिलांची नोकरी जिथे होती, ते हे बिनतारी तारायंत्राचे प्रक्षेपण केंद्र, गाण्यांचे नव्हे.  मार्कोनीच्या 'बीम' पद्धतीची भारत-इंग्लंड सेवा लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते २३ जुलै १९२७ रोजी सुरू झाली. मुंबईचे नभोवाणी केंद्रही त्याच दिवशी त्यांनीच उघडले. या योगायोगामुळे दोहोंची गल्लत अनेकदा होते. उंच मनोऱ्यांमध्ये ताणलेल्या तारांच्या पडद्यांतून लघुलहरी एकाच दिशेने सोडल्या जात, म्हणून थोड्या शक्तीत संदेश लांब पोचे. जुन्या इंग्रजी कागदपत्रांत हे केंद्र 'खडकी' या नावाने सापडते. इंग्लंडहून येणारे संदेश मात्र दौंडला घेतले जात, कारण शेजारच्या प्रक्षेपकाच्या गोंगाटात दूरचा क्षीण संदेश ऐकूच येत नाही. १९४७ च्या आरंभी सरकारने ही सेवा ताब्यात घेऊन 'ओव्हरसीज कम्युनिकेशन्स सर्व्हिस' हे खाते काढले. मजकुरातील 'ओसीएस' ते हेच. १९७१ मध्ये पुणे जिल्ह्यातच आर्वीला उपग्रह भूकेंद्र सुरू झाल्यावर लघुलहरींचे महत्त्व घटत गेले. १९८६ मध्ये खात्याचे 'विदेश संचार निगम' झाले, २००२ मध्ये ते टाटांकडे गेले. दिघीची पाचशेहून अधिक एकर जमीन त्या व्यवहारातून वगळली होती. पुढील प्रकरणातला वाद तिचाच.