रक्ताच्या गुठळीची पूर्वसूचना

रक्त शरीराबाहेर आलें कीं थोड्याच वेळांत गोठतें, आणि तें गोठतें म्हणूनच लहानशा जखमेनें माणूस दगावत नाहीं. परंतु हेंच गोठणें शरीराच्या आंत, न कापलेल्या शिरेंत, भलत्या वेळीं घडलें म्हणजे तारक गुण मारक ठरतो. सुखरूप बाळंत झालेली स्त्री दहाव्या-बाराव्या दिवशीं अंथरुणावरून उठते आणि एकाएकीं धाप लागून कोसळते. शस्त्रक्रिया यशस्वी झालेला रोगी घरीं जाण्याच्या दिवशींच प्राण सोडतो. असे मृत्यु युरोपांतील डॉक्टरांनीं पिढ्यान्‌पिढ्या पाहिले होते. अशा कित्येक रोग्यांचा एक पाय आधीं कांहीं दिवस सुजलेला असे, हेंहि त्यांनीं पाहिलें होतें. मात्र त्या सुजेचा व त्या मृत्यूचा परस्परांशीं संबंध आहे हें कळण्यास एकोणिसाव्या शतकाचा मध्य उजाडावा लागला.

बाळंतिणीच्या सुजलेल्या पायाला तिकडे ‘दुधाचा पाय’ म्हणत. पाय पांढराफटक, ताणलेला आणि अतिशय दुखरा होई. म्हणून आईचें दूध वाट चुकून पायांत उतरलें, अशी लोकांची व वैद्यांचीहि समजूत होती. मँचेस्टरचे चार्ल्स व्हाइट यांनीं १७८४ सालीं ग्रंथ लिहून ही समजूत खोडून काढली. पण त्यांनीं दोष दिला तो लसिकावाहिन्यांना. पुढें लंडनचे डेव्हिड डेव्हिस यांनीं १८२३ सालीं प्रसिद्ध केलेल्या निबंधांत शवविच्छेदनाचा पुरावा मांडला. ओटीपोटांतील व मांडीकडील मोठ्या नीला, म्हणजे रक्त हृदयाकडे परत नेणाऱ्या शिरा, गोठलेल्या रक्तानें भरलेल्या होत्या. पाय कां सुजतो याचा उलगडा झाला. माणूस एकाएकीं कां मरतो याचा झाला नाहीं.

तो उलगडा बर्लिनच्या शारिटे रुग्णालयांत झाला. त्या काळीं पॅरिसचे क्रुव्हेल्ये यांचा दबदबा मोठा होता, आणि शिरांचा दाह हेंच पुष्कळशा रोगांचें मूळ, असें त्यांचें मत होतें. हें मत पारखून पाहण्याचें काम रुडॉल्फ फिर्को या पंचविशीच्याहि आंतल्या तरुणाकडे आलें. शवविच्छेदन करतांना त्यांना फुप्फुसाकडे जाणाऱ्या रोहिणींत रक्ताचे घट्ट बुच सांपडत. पण त्या जागीं दाहाचें चिन्ह नसे. मग तो बुच तेथें तयार झाला कसा? फिर्कोंचें उत्तर असें कीं, तो तेथें तयार झालाच नाहीं, दुसरीकडून वाहत आला. पायाच्या शिरेंत जमलेल्या गुठळीचा तुकडा सुटतो, रक्ताबरोबर हृदयांत जातो आणि तेथून फुप्फुसांत जाऊन अडकतो. हें केवळ तर्कानें सांगून ते थांबले नाहींत. त्यांनीं कुत्र्यांच्या नीलांत रबराचे व गोठलेल्या रक्ताचे तुकडे सोडले आणि तेच तुकडे फुप्फुसाच्या रोहिणींत पुन्हां शोधून काढले. १८४६ सालीं त्यांनीं हें प्रसिद्ध केलें. जागच्या जागीं गुठळी होणें म्हणजे थ्राँबोसिस आणि तिचा तुकडा वाहत जाऊन अडकणें म्हणजे एम्बोलिझम, हीं दोन नांवें त्यांनींच रूढ केलीं. गुठळीच्या कारणांचे तीन वर्ग आज त्यांच्याच नांवानें शिकवतात : रक्ताचा वेग मंदावणें, शिरेच्या भिंतीला इजा होणें आणि रक्ताची गोठण्याकडे ओढ वाढणें.

गुठळी कधीं कधीं दुसऱ्या दडलेल्या रोगाची सूचना असते, हें पॅरिसच्या ओतेल-द्यू रुग्णालयांतील आर्मां त्रूसो यांनीं दाखवून दिलें. कारण नसतां शिरांत गुठळ्या होऊं लागल्या तर पोटांत कर्करोग असण्याचा संशय घ्यावा, असें त्यांनीं आपल्या व्याख्यानांत शिकविलें. १८६७ सालीं तेंच चिन्ह त्यांना स्वतःच्या अंगावर दिसलें. आपणच शिष्यांना दिलेल्या पाठाचा अर्थ त्यांना निराळा सांगावा लागला नाहीं. त्याच वर्षीं पोटाच्या कर्करोगानें त्यांचा अंत झाला.

ज्ञान झालें, तरी तें रुग्णालयाच्या खाटेपर्यंत पोंचण्यास फार काळ गेला. रक्ताचा वेग मंदावला कीं गुठळी होते, हें फिर्कोंनीं सांगितल्यावरहि शस्त्रक्रियेनंतर व बाळंतपणानंतर रोग्याला दोन-दोन, तीन-तीन आठवडे निपचीत पडून राहण्याची सक्ती होई. विश्रांति जितकी अधिक तितकी प्रकृति चांगली, अशी भावना होती. शिकागोचे एमिल रीस यांनीं १८९९ सालीं रोग्यांना लवकर उठवावें असें सुचविलें, पण त्यांचें ऐकणारे थोडे निघाले. लंडनचे रिचर्ड अ‍ॅशर यांनीं १९४७ सालीं अंथरुणाचे धोके सांगणारा लेख लिहिला, तोंवर वैद्यकाचा ओघ वळूं लागला होता.

निश्चल राहण्याचा धोका सामान्य लोकांपुढें आला तो मात्र रुग्णालयांत नव्हे, युद्धांत. १९४० च्या सप्टेंबरांत लंडनवर जर्मन विमानांचे रात्रीचे हल्ले सुरू झाले. हजारों माणसें तळघरांत, भुयारी रेल्वेच्या स्टेशनांत व सार्वजनिक आश्रयस्थानांत रात्री काढूं लागलीं. पाठ टेकण्यास जागा नसे. पुष्कळजण घडीच्या कापडी खुर्च्यांत बसल्या बसल्या झोपत. या खुर्चीची पुढची लांकडी पट्टी मांडीच्या मागल्या बाजूस रुते आणि तेथील शिरा रात्रभर दाबून धरी. बाँबनें ज्यांना स्पर्शहि केला नाहीं अशीं कांहीं माणसें तेथें किंवा तेथून बाहेर पडतांच मृत्यु पावलीं. गाय रुग्णालयाचे न्यायवैद्यक-तज्ज्ञ कीथ सिंप्सन यांनीं या प्रेतांची परीक्षा केली. फुप्फुसांत गुठळी अडकून झालेले मृत्यु आदल्या वर्षाच्या त्याच दिवसांतील मृत्यूंच्या सुमारें सहापट भरले. त्यांचा लेख डिसेंबर १९४० मध्यें ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकांत आला. खुर्च्या काढून लोकांना आडवें होतां येईल अशा फळ्यांच्या खाटा द्याव्या, हा त्यावरील उपाय होता. साध्या फळ्या आणि चार खिळे, पण त्यांनीं रक्ताचा मार्ग मोकळा राहत होता.

औषधांचा इतिहास याच काळांतला. १९१६ सालीं बाल्टिमोर येथील जे मॅक्लीन या विद्यार्थ्याला यकृतांतून काढलेल्या द्रव्यांत रक्त गोठूं न देण्याचा गुण आढळला. त्यांतूनच पुढें हेपॅरिन आलें. १९२० नंतरच्या दशकांत कॅनडांत व अमेरिकेंत कुजलेला क्लोव्हर चारा खाऊन गुरें रक्तस्रावानें मरूं लागलीं. त्या चाऱ्यांतील विषाचा शोध विस्कॉन्सिन विद्यापीठांत कार्ल लिंक व त्यांचे सहकारी यांनीं लावला. त्याच कुळींतलें वॉर्फरिन १९४८ सालीं उंदीर मारण्यासाठीं बाजारांत आलें आणि १९५४ पासून माणसांना औषध म्हणून मिळूं लागलें. या औषधांचा खरा लाभ किती, हें ब्रिस्टल येथील बॅरिट व जॉर्डन यांनीं १९६० सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगानें ठरलें. औषध न दिलेल्या १९ रोग्यांपैकीं ५ जण फुप्फुसांतील गुठळीनें दगावले. औषध दिलेल्या १६ पैकीं एकहि त्या कारणानें दगावला नाहीं. तेव्हांपासून या रोगांत वेळेवर निदान होणें हाच जीवनमरणाचा प्रश्न झाला.

आणि निदान तर अवघड. बोस्टनचे शल्यवैद्य जॉन होमन्स यांच्या नांवानें एक परीक्षा प्रसिद्ध आहे : पाऊल वर वळविलें असतां पोटरींत दुखलें तर गुठळीचा संशय घ्यावा. पुढील अनुभवानें ही परीक्षा भरंवशाची ठरली नाहीं. गुठळी असून दुखत नाहीं आणि नसून दुखतें, असें वारंवार दिसलें. याच होमन्स यांनीं १९५४ सालीं लांबच्या विमानप्रवासांत, मोटारींत व नाट्यगृहांतहि फार वेळ बसल्यानें पायांत गुठळी होते, हें दाखविलें. आज सोनोग्राफीनें पायाची शीर आणि सी.टी. यंत्रानें फुप्फुसाची रोहिणी पाहतां येते. परंतु यंत्रापर्यंत रोगी नेण्याचें काम घरच्या माणसांचें आहे.

म्हणून श्रोत्यांनीं एवढें ध्यानांत ठेवावें. एकच पाय सुजला, पोटरी किंवा मांडी दुखूं लागली, कातडी ऊन लागली अगर तिचा रंग पालटला, तर तो प्रवासाचा शीण, वात किंवा पोटरींत आलेला गोळा असें घरींच ठरवूं नये. शस्त्रक्रिया, बाळंतपण, मोडलेलें हाड, कर्करोग, गर्भनिरोधक गोळ्या किंवा दीर्घ प्रवास यांपैकीं कांहीं नुकतेंच घडलें अथवा चालूं असेल तर संशय अधिक धरावा. आपल्या घरांत पाय दुखला कीं तेल लावून चोळण्याची मायेची रीत आहे. अशा पायाला ती आवरावी, कारण चोळण्यानें तुकडा सुटण्याची भीति असते. एकाएकीं धाप लागणें, खोल श्वास घेतांच छातींत कळ येणें, खोकल्यांत रक्त पडणें, छाती धडधडणें वा भोवळ येणें, हीं लक्षणें दिसलीं तर सकाळची वाट न पाहतां रुग्णालय गांठावें. पाय सुजला नसला तरीहि गांठावें. कारण पुष्कळ वेळां पाय कांहींच सांगत नाहीं.

फिर्कोंचा जन्म १३ ऑक्टोबर १८२१ चा. २०१४ पासून हा दिवस जागतिक थ्राँबोसिस दिन म्हणून पाळतात. पायाची सूज आणि छातीची धाप हीं एकाच रोगाचीं दोन टोकें आहेत, हें त्यांनीं शवविच्छेदनाच्या टेबलावर ओळखलें. तेंच आतां रोगी जिवंत असतां, त्याच्या घरींच ओळखलें जावें, यासाठीं तो दिवस आहे.